अक्षत द्यायला मी गेले तर चालेल का?

तुळशीची लग्नं लागली की समुपदेशक म्हणून एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, नवरा गेलेल्या. "मुलीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून माझं नाव घातलं तर चालेल का? आणि अक्षत द्यायला मी गेले तर कुणी काही म्हणेल का?"

यंदा उत्तर म्हणून एकीची हकीकत सांगते. तिला विचारून, आणि ओळख पटेल ते सगळं बदलून.

ताई डोंबिवलीच्या. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि आईची झोप उडाली, म्हणून मुलगीच त्यांना घेऊन आली. ताईंनी पिशवीतून पत्रिकेचं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं. दिरांनी गिरगावात खाडिलकर रोडला जाऊन नमुना पसंत केला होता. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सगळा मजकूर नेहमीचा. निमंत्रक म्हणून दीर आणि जाऊ. ताईंचं नाव वर, मुलगी कुणाची ते सांगण्यापुरतं, आणि नावामागे विधवेला लावतात ते 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी.

"भावजी म्हणाले, वहिनी तुम्ही दगदग करू नका, बोलावणी आम्ही जोडीनं करतो," ताई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. नवऱ्याच्या आजारपणात याच दिरांनी रात्री जागवल्या होत्या. माणूस वाईट असता तर ताईंना भांडायला सोपं गेलं असतं.

इथे मी चुकले. मला राग आला आणि तो मी त्यांच्यावर सांडला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पंधरवड्याच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं, हे सगळं मी उत्साहानं ऐकवलं. ताई मान हलवत राहिल्या. पुढच्या भेटीला आल्याच नाहीत.

दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, मला गावाला सुधारायचं नाहीये. मला फक्त ह्यांच्या मित्रांकडे जायचंय."

मग एक जुनी डायरी निघाली. थोरल्या मुलीच्या लग्नात दोघं स्कूटरवरून पत्रिका वाटत फिरले होते. यजमानांच्या अक्षरात घरांची यादी, स्टेशनच्या पूर्वेची वेगळी, पश्चिमेची वेगळी, आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. कुणाकडे चहा घ्यायचा आणि कुणाकडे उभ्याउभ्या निघायचं, तेही लिहिलेलं! ती यादी दुसऱ्या कुणी घेऊन फिरावी, हे ताईंना सोसत नव्हतं. छापलेल्या नावाचं दुःख त्यापुढे लहान होतं. मी मात्र पहिल्या दिवसापासून नावालाच धरून बसले होते.

"किती घरी जायचंय?" मी विचारलं. सगळी यादी त्यांना नकोच होती. बोटानं मोजून सात घरं निघाली. सातवं नणंदेचं, कल्याणचं. तिथे बोट थांबलं.

दिरांशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. समोरची रिकामी खुर्ची म्हणजे भावजी. पहिल्यांदा ताई म्हणाल्या, "तुम्हाला चालणार असेल तर..." आणि आवाज विरला. चौथ्या खेपेला वाक्य सरळ आलं: "भावजी, निमंत्रक तुम्ही राहाच, पण तुमच्या आधी माझं नाव हवं, श्रीमती लावून. आणि ही सात घरं मी करणार."

हे बोलणं प्रूफ हातात असतानाच करायचं असतं. व्याह्यांनाही मजकूर तेव्हाच दाखवावा, कारण त्यांच्याकडच्या एखाद्या आजीला काही खटकणार असेल तर ते गठ्ठा छापून आल्यावर कळण्यात कुणाचाच फायदा नाही. छापखान्याचं म्हणाल, तर सांगाल ते नाव ते सांगाल तिथे घालतात. 'गं. भा.' कुणाला मनापासून हवं असेल तर खुशाल लावावं. लावलंच पाहिजे असा दंडक कुठेही नाही.

दीर बराच वेळ गप्प बसले म्हणे. मग म्हणाले, "वहिनी, एखाद्या दारात कुणी तुम्हाला लागेल असं बोललं तर मला सहन होणार नाही, म्हणून म्हटलं होतं." तीन वर्षांत घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू कुणी लावायचं यावर जाऊबाई जरा अडल्या. शेवटी एका रात्री दोघींनी मिळून गठ्ठा संपवला.

पहिली पत्रिका फडके रोडच्या गणपतीपुढे ठेवली. मग सहा घरं. एका मित्राच्या बायकोनं दारातच मिठी मारली, दुसऱ्या घरी टीव्ही चालूच राहिला.

आणि कल्याण? "वन्संनी चहा केला. निघताना जाऊबाईंना कुंकू लावलं, मला नाही. पण अक्षत माझ्या हातून घेतली आणि पत्रिका देव्हाऱ्यात नेऊन ठेवली," ताई म्हणाल्या. "एवढं पुरे मला. मी डायरीत खूण केली."

शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या टेबलावर एक पत्रिका ठेवली. कोपऱ्यांना हळदकुंकू, आत चिमूटभर अक्षता. समुपदेशकानं अशा कार्याला जाऊ नये, तिथे कुणी "या कोण?" विचारलं तर त्यांनी काय सांगायचं, हे मी समजावू लागले.

"यायचं नाही ते माहितीये मला," त्या म्हणाल्या. "पण द्यायची असते."