नागपूरच्या मे महिन्यात पंधरा दिवसांचं बाळ: कूलर, पाणी आणि संध्याकाळची रड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर वरच्या मजल्यावर, बाळ पंधरा दिवसांचं, बाहेर ४५ अंश. सासूबाई म्हणतात कूलरने बाळाला सर्दी होईल. शेजारच्या काकू म्हणतात घसा सुकतो, चमचाभर पाणी पाजा. आणि बाळ रोज संध्याकाळी दोन-तीन तास रडतं, त्यामुळे दूध पुरत नाही की काय अशी शंका येते.

कूलर लावा, पण हवा बाळाच्या अंगावर सरळ येऊ देऊ नका. पाणी अजिबात पाजू नका. दूध पुरतं की नाही ते रडण्यावरून कळत नाही, ओल्या लंगोटांवरून आणि वजनावरून कळतं.

आधी पाण्याचं बघू, कारण चूक तिथेच जास्त महागात पडते. आईच्या दुधात साधारण ८७-८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यातही पहिले सहा महिने बाळाला वरचं पाणी लागत नाही. पाण्याने पोट भरलं की बाळ तेवढं दूध कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी तयार होतं. शिवाय या वयात मूत्रपिंडं जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. पाणी उकळलेलं असलं तरी वाटी-चमच्यातून जंतू जातातच. साखरपाणी, ग्राइप वॉटर, गुटी यांनाही हेच लागू. मध तर वर्षभर नकोच, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. उन्हाळ्यात करायचं ते एवढंच की पाजण्याच्या वेळा वाढवायच्या. दुपारी बाळ दर तासा-दीड तासाने मागतं, पाच मिनिटं पितं आणि सोडतं. ते तहानेचं पिणं असतं, तेवढंच पाजा. दिवसभरात ८ ते १२ वेळा हे नेहमीचं, मे महिन्यात त्याहून जास्त झालं तरी चालतं.

पाणी प्यायचं आहे ते तुम्ही. अजूनही काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, बंद खोलीत ठेवतात, कान बांधून ठेवतात. ४५ अंशांत हे धोक्याचं आहे, आईलाच ऊन लागू शकतं. प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या हवा. पन्हं, ताक, पातळ वरण सगळं चालतं. दिवसभरात तीन लिटरच्या आसपास जायला हवं. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय असं समजा. डिंकाचे, अळिवाचे लाडू आवडत असतील तर जरूर खा, पण दूध वाढतं ते मुख्यतः बाळाने नीट आणि वारंवार ओढल्याने.

नीट ओढणं म्हणजे काय, तेही सांगते. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वर जास्त दिसतो, खाली कमी. चोखताना गिळल्याचा आवाज येतो. दुखत असेल, भेगा पडत असतील तर पकड चुकली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. घामाने दोघांची कातडी चिकटते आणि बाळ चिडतं, म्हणून मध्ये पातळ सुती पंचा ठेवा.

आता लंगोट मोजा. पहिला आठवडा सरल्यावर २४ तासांत किमान ६ वेळा शू व्हायला हवी, रंग फिका हवा. डायपर वापरत असाल तर अंदाज येत नाही. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धरून बघा, पूर्ण ओला डायपर साधारण तेवढा जड लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसले तर घाबरायचं नसतं. पण आता, पंधराव्या दिवशी, ते दिसत असतील तर दूध पोटात कमी जातंय असं धरा आणि त्याच दिवशी दाखवा. शी मोहरीच्या रंगाची, पातळ, दाणेदार, काही वेळा प्रत्येक पाजण्यानंतर होते. ते जुलाब नव्हेत. जन्मानंतर वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या आकड्यावर परत येतं. पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून, आठवड्यातून एकदा करा. रोज केलं तर उगाच जीव टांगणीला लागतो. आशाताई घरी येतात, त्यांच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. त्यांच्याकडे वजनकाटाही असतो. चौदाव्या दिवशीची भेट झाली नसेल तर फोन करून बोलवा.

कूलरबद्दल सासूबाईंची काळजी अगदीच चुकीची नाही, फक्त तिची दिशा बदलायला हवी. सर्दी विषाणूंमुळे होते, गार हवेने नाही. पण सरळ झोत अंगावर आला तर एवढंसं अंग लवकर गार पडतं, हे खरं. उलट बंद खोलीत बाळ तापतं, कारण त्याला नीट घाम येत नाही आणि पांघरूण लाथेने दूर करता येत नाही. वरच्या मजल्यावर तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयात २०१० च्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या कक्षातली नवजात बाळं उष्णतेने आजारी पडू लागली. तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवल्यावर असे आजार कमी झाले. तुमच्या इमारतीत खाली नातेवाइकांचं किंवा ओळखीचं घर असेल तर दुपारी बारा ते सहा बाळाला घेऊन तिथे बसण्यात कसलाही संकोच नको.

कूलर खिडकीबाहेर हवा, म्हणजे तो बाहेरची हवा ओढतो. खोलीत ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते आणि घामोळ्या येतात. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा बाहेर निघाली तरच गारवा येतो. जाळ्या वर किंवा भिंतीकडे वळवा. बाळाच्या जागी दुपट्याचं टोक लोंबतं धरा. ते हलत असेल तर जागा बदला. खोलीत भिंतीवरचा साधा तापमापक लावा, २६ ते २८ अंश चांगलं. दुपारी कूलरने ३० च्या खाली येत नसेल तर बाळाला फक्त पातळ झबलं आणि लंगोट ठेवा, बास. टोपरं, मोजे, कुंची घरात नको. डोक्यातूनच बरीच उष्णता बाहेर पडते, ते झाकलं की बाळ तापतं. पहाटे तीन ते पाच मात्र नागपुरातही गारवा येतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा हळू ठेवा आणि अंगावर एक सुती दुपटं घाला. एसी असेल तर तो २६-२७ वर, झोत दुसरीकडे.

बाळाला गरम होतंय की गार, हे हातपाय धरून कळत नाही. हातपाय थंड, थोडे निळसर असणं या वयात नेहमीचं आहे. हाताची मागची बाजू मानेखाली आणि पोटावर लावा. मान घामेजली, पोट गरम, चेहरा लाल: कपडे कमी करा. पोटही गार लागलं तर बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर घ्या आणि वरून दोघांना पांघरा.

कूलरची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलल्याने जात नाहीत, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताट्या मागच्या वर्षीच्या असतील तर बुरशीचा वास येतो, बदलून घ्या. पाणी भरताना प्लग काढूनच भरा, अर्थिंग तपासून घ्या. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि बाळंतपणाच्या धावपळीत कोण कधी ओल्या हाताने बटण लावेल सांगता येत नाही. मच्छरदाणी दिवसाही हवी, हा डास दिवसा चावतो.

वीज गेली तर खिडकीवर ओली चादर टांगा, बाळाचं झबलं काढा, कोमट ओल्या पंच्याने मान, काखा, जांघा पुसा आणि पाजायला घ्या. बर्फाचं पाणी नको.

ताप मोजायचा तो काखेत, डिजिटल थर्मामीटरने. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हे ठीक. १००.४ किंवा जास्त आला आणि बाळ गुंडाळलेलं किंवा तापलेल्या खोलीत असेल तर कपडे काढा, गार जागी घ्या, पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही १००.४ असेल तर तिथून थेट डॉक्टर, सकाळची वाट नाही. घरातलं तापाचं औषध देऊ नका. बाळ लुळं पडलं असेल, दूध ओढत नसेल, टाळू खोल गेली असेल, श्वास मिनिटाला ६० च्या वर असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, बेंबीभोवती लाली किंवा पू असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, किंवा अंग गार आणि तापमान ९५.९ च्या खाली असेल, तर अर्धा तासही थांबायचं नाही. १०८ ला फोन करा. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं शहरातच आहेत, मिहानला एम्स आहे. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत होतात.

कावीळ निघाली तर कोवळं ऊन द्या, असं कुणी ना कुणी सांगेलच. मे महिन्यात नागपुरात सकाळी आठचं ऊनसुद्धा कोवळं नसतं. काविळीसाठी ठरावीक निळ्या प्रकाशाचे दिवे रुग्णालयात असतात, उन्हाने ते काम होत नाही. डी जीवनसत्त्वासाठीही ऊन नको, रोज ४०० युनिटचे थेंब वर्षभर द्यायचे. बाटलीवर मिलिलिटरला ४०० आहे की ८०० ते वाचा आणि त्याप्रमाणे एक किंवा अर्धा मिलिलिटर द्या.

मालीश खोबरेल तेलाने, हलक्या हाताने, दहा मिनिटं, सकाळी सातच्या आत. मालीशवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवा: नाक-कानात तेल नाही, बेंबीत काही नाही, स्तनातून दूध पिळायचं नाही, पाय धरून उलटं टांगायचं नाही. मोहरीचं तेल आणि बेसनाचं घासणं नाजूक कातडीला झोंबतं. तेल अंगावर राहिलं की घामोळ्या वाढतात, म्हणून आंघोळीत ते निघू द्या आणि पावडर टाळा. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून चटका बसेल इतकं तापलेलं येतं, म्हणून दुपारी बाळाला पुसायचं पाणी सकाळीच बादलीत भरून ठेवा. शेकशेगडी आणि धुरी या वर्षी तरी राहू द्या. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाच्या श्वासाला घातक आहे, कार्बन मोनॉक्साइडचा तर वासही येत नाही. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं.

संध्याकाळची रड. ही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. त्याच वेळी बाळ तासाभरात तीन-चारदा छातीशी मागतं. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं दूध आटलं, आणि तिथेच डब्याच्या दुधाची बाटली सुरू होते. शू नीट आहे, वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. मागेल तेवढं पाजा, ढेकर काढा, झबलं सैल करा, दिवे मंद करा, आणि बाबांच्या किंवा आजीच्या खांद्यावर द्या. आजीच्या खांद्यावर बाळ पटकन शांत होतं हे खरंच घडतं, कारण तिथे दुधाचा वास नसतो आणि हात थकलेले नसतात. सासूबाईंना हे काम मनापासून सोपवा, कूलरचा वादही तिथेच निम्मा मिटेल. झोपवताना पाठीवरच, उशी नको, राईचीही नको. झोळीत मान पुढे दुमडते आणि भोवतीचं कापड तापतं, म्हणून झोळीत नुसतं शांत करा, झोपल्यावर सपाट गादीवर ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण या धबडग्यात निसटू नये. दिवसातून तीन-चार वेळा, बहुधा दूध पिऊन झाल्यावर, बाळ काही मिनिटं जागं आणि अगदी शांत असतं. त्याला २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवरून तुमच्या चेहऱ्याएवढं. तेव्हा फोन बाजूला ठेवून त्याच्याशी बोला. तुमचा आवाज त्याला पोटातून माहीत आहे, तो ऐकून ते चोखणं थांबवतं, डोळे मोठे करतं. हळूच जीभ बाहेर काढून दाखवा, काही बाळं तीही काढतात. झोपेतलं हसू आत्ताच दिसत असेल. तुमच्याकडे बघून केलेलं हसू सहा ते आठ आठवड्यांनी येतं.

तोवर जून उजाडेल. सहाव्या आठवड्याच्या लसी त्याच सुमारास येतात, पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा आणि न्यूमोकोकल. सकाळी नऊच्या आत आटपा. दुचाकीवर बाळाला नेऊ नका, ऑटोत बसलात तर उन्हाच्या बाजूला ओला पंचा बांधा. जन्मनोंदणी रुग्णालयाकडून २१ दिवसांच्या आत महापालिकेकडे गेली आहे ना, हे याच आठवड्यात विचारून घ्या. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. आणि पाऊस लागला की कूलर गारवा देणं बंद करतो, हवा दमट असल्यामुळे. तेव्हा पंप बंद करून टाकी पूर्ण कोरडी करा आणि नुसता पंखा वापरा.