गडग्यावरची खाजकुयली

प्रिय मुली,

पत्र पोचलं. बी.एस्सी.नंतर मेंदूचं रसायनशास्त्र शिकायचं म्हणतेस, आणि घरचे विचारतात, कुडाळात बसून ही कसली अवदसा आठवली? त्यांना सांग, या शास्त्राची निम्मी गोष्ट आपल्या परसात उगवते.

आमच्या मांगरामागे सावलीत सर्पगंधेची दोन झुडपं आहेत, आणि समोरच्या गडग्यावर खाजकुयलीचा वेल. सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. त्याआधी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकीलांनी या मुळीचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला होता. आणि खाजकुयलीच्या बियांतून १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी एल-डोपा काढून दाखवलं; मेंदूतलं निरोप्या रसायन डोपामिन यापासूनच बनतं. वीसएक वर्षांनी स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग एल-डोपा टोचलं, तशी थोड्या वेळात ती जनावरं पुन्हा हलू-फिरू लागली. एका वनस्पतीतल्या द्रव्यानं विझवलं, दुसरीत सापडणाऱ्यानं पेटवलं. दोन्ही माझ्या पायरीवरून दिसतात, आणि वीस वर्षं मी मुलांना हे न सांगता नुसती सूत्रं घोकायला लावली, याची आता लाज वाटते.

हे का घडलं, ते नीट समजून घे. चेतापेशी डोपामिन बारीक पुटिकांत, म्हणजे इवल्या पिशव्यांत, भरून ठेवते. रिसर्पिन ते भरणारा पंपच बंद पाडतं. मग बर्फाच्या पेटीत न गेलेल्या मासळीची जी गत, तीच बाहेर राहिलेल्या डोपामिनची; विकरं (एन्झाइम) ते फोडून टाकतात. पुढे व्हिएन्नात हॉर्निकिविझ यांनी पार्किन्सनच्या, म्हणजे हातपाय थरथरवणाऱ्या, ताठरवणाऱ्या आजाराच्या, रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर त्यातल्या ठरावीक भागात डोपामिन फारच कमी सापडलं. हे १९६० सालचं. टायरोसीन या अमिनो आम्लापासून एल-डोपा, त्यातून डोपामिन, त्यातून नॉरअॅड्रेनालिन ही साखळी हातानं काढ, दहा वेळा काढ. ती बोटांत बसली की निम्मी औषधं आपोआप कळतात.

उरलेलं मला पुस्तकातून कळलं नाही, दादाकडून कळलं. माझा थोरला भाऊ, देवबागला जाळी विणायचा. एके दिवशी म्हणाला, "ह्यो हात माझा ऐकणा नाय गो." पार्किन्सनचं निदान झालं, लेव्होडोपाच्या, म्हणजे त्याच एल-डोपाच्या, गोळ्या सुरू झाल्या, हात सुधारला. पण दुपारी तो पुन्हा लाकडासारखा व्हायचा. वहिनी म्हणे औषध बनावट. मी रसायनशास्त्राची बाई, मलाही दोन महिने सुचलं नाही. एकदा त्याच्याकडे जेवायला बसले, तर त्यानं ताटावर बसूनच गोळी घेतली आणि वर बांगड्याचं तिखलं, तळलेली तुकडी. तेव्हा ट्यूब पेटली. प्रथिनांतली काही अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच वाहकावर बसून आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. बांगडा आधी चढला, गोळी धक्क्यावरच राहिली. डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली, मासळी बरीचशी रात्रीवर गेली, आणि दुपार सुटली.

नंतर डोस वाढला तसे त्याला पडवीत आमचे गेलेले वडील दिसायला लागले. घरात गाऱ्हाण्याची तयारी. मी डॉक्टरांकडे नेलं, डोस उतरवला, वडील गेले. बघ, ज्याची उणीव हात थिजवते, त्याचाच अतिरेक भास दाखवू शकतो. उलट, भास थांबवायला डोपामिनची वाट अडवणारी औषधं देतात, तर कित्येकदा हात थरथरू लागतात. मेंदूरोग आणि मनोरोग हे दोन वेगळे विभाग फक्त इस्पितळाच्या पाटीवर असतात. (गाऱ्हाणं मात्र मी मोडलं नाही. ज्यांना हसून परतवतो, ते पुढच्या वेळी डॉक्टरांकडेही येत नाहीत.)

आता तुझा प्रश्न: "नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, असंच ना?" नाही गं. सेरोटोनिन हेही डोपामिनसारखंच निरोप्या रसायन. पार्किन्सनमध्ये मेंदू उघडून तूट मोजता आली. नैराश्यात तशी सरळ तूट कुणी दाखवू शकलेलं नाही. रिसर्पिन सेरोटोनिनचाही साठा रिता करतं; ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाले, त्यावरून हा तुटीचा सिद्धांत उभा राहिला. पण १९५५ सालीच लंडनच्या एका चाचणीत चिंताग्रस्त, खिन्न रुग्णांना रिसर्पिननं बरं वाटल्याचं दिसलं होतं. आणि नैराश्यावरची आजची गोळी सेरोटोनिन काही तासांत वाढवते, माणूस सावरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. त्या मधल्या आठवड्यांत मेंदूत काय होतं, तिथं तुझ्या पिढीला काम आहे. म्हणून गोळ्या फोल, असं मात्र कुणाला सांगू नकोस. अनेकांना त्या तारतात, आणि अचानक बंद केल्यानं हाल होतात.

प्रवेशाचं म्हणशील तर बंगळूरुचं निम्हान्स (मेंदू आणि मनोविकारांची संस्था) आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र दोन्ही बघ. संख्याशास्त्र टाळू नकोस. मी टाळलं आणि पुढे फार महागात पडलं. तोवर रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात परवानगी मिळाली तर बाह्यरुग्ण विभागात चार दिवस नुसती बस. काही लिहू नकोस, ऐक.

शिमग्याआधी एकदा ये, दोन्ही झाडं दाखवते. शेंगा आता वाळल्यात, वाऱ्यावर लव उडते. तिच्यातलं म्युक्युनेन हे द्रव्य अंगाची आग आग करतं. पूर्ण बाह्यांचा कुडता घालून ये. आणि बिया खिशात घालून कुणा आजारी माणसाला द्यायला नेऊ नकोस, मी मोजून ठेवल्यात.

तुझी,
बाई