मंगळावरची पलटण लिहिताना

तुझी पहिलीच विज्ञानकथा आणि थेट मंगळावरच्या सैनिकांची पलटण? झकास. लिहीत राहा, सध्या एवढंच सांभाळ.

लढाई उशिरा आण. रंगरूट आधी प्रशिक्षणात सिद्ध होतो, आणि ते तर तुझ्या साताऱ्यात रोज दिसतं. यवतेश्वरच्या घाटात पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं बघ. कोण पुढे निघून जातो, कोण दम लागलेल्या दोस्तासाठी थांबतो, कोण नुसता आव आणतो. अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाला जाऊन एखाद्या माजी सैनिकाशी बोल. लढाईचं विचारू नकोस, ट्रेनिंगमधल्या जेवणाचं आणि बुटांचं विचार.

विज्ञानाचा एकच नियम निवड आणि शेवटपर्यंत पाळ. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. वजन घटतं, वस्तुमान नाही. म्हणजे पायांची पकड कमी, पण अंगाचा झोक तेवढाच; जोरात पळणारा जवान वळणावर घसरणारच. किंवा संदेशाचा वेळ घे. मंगळावरून पृथ्वीपर्यंत एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटं. हुकूम मागून उत्तर येईपर्यंत कधी कधी पाऊण तास! मग निर्णय एकोणीस वर्षांच्या पोरालाच घ्यावा लागतो. मला विचारशील तर तुझी गोष्ट इथेच आहे.

नेहमीच्या चुका:
- नायक पहिल्याच दिवशी सगळ्यांत भारी
- सुभेदार नुसता ओरडणारा
- सुरुवातीची दोन पानं शस्त्रांचीच

हुद्द्यांची उतरंड, यानांचं इंधन, परग्रहवासीयांची भाषा हे सगळं नंतर. आधी पाच-सहा जणांची तुकडी आणि रात्रीचा एक पहारा, एवढंच लिहून पाठव.