शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला शाळेच्या डब्यात काय द्यावं?

मुलगा पहिलीत आहे, शेंगदाण्याने त्याचे ओठ सुजतात, असं तुम्ही लिहिलंय. कोकणात असल्याचा इथे फायदाच आहे, आपल्याकडे वाटणाला नारळ असतो. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, गुळाची गोड आंबोळी, दाणे न घातलेले दडपे पोहे, उकडलेली रताळी, घरची आंबापोळी बिनधास्त द्या. साबुदाण्याची खिचडी मात्र नको, कूट असतंच.

खरा धोका भांड्यांत असतो. माझ्या भाचीला हीच ॲलर्जी आहे. एकदा चटणी खाऊन तिच्या अंगावर गांधी उठल्या. शोधलं तर मिक्सरच्या झाकणाच्या रबराखाली जुनं कूट चिकटलेलं! तेव्हापासून तिचं भांडं वेगळं. घाण्याचं शेंगदाणा तेलही टाळा, त्यात प्रथिनं उरतात.

काजूचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला, काजू झाडावरचा. तरी काही मुलांना दोन्ही बाधतात. जत्रेतला खाजा बेसनाचा असला तरी शेजारीच चिक्की मांडलेली असते, म्हणून सुटा घेऊ नका. पाकिटावर ॲलर्जीची ओळ दरवेळी वाचा.

बाईंना लेखी कळवा, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही हे मुलाला रोज सांगा. धाप लागली, आवाज बसला किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लगेच द्या आणि १०८ लावा. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नका.