सेल्फ मारण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. फैजपूरच्या मळ्यात लिंबाखाली नऊ पावसाळे उभा असलेला शक्तिमान, तो जुना लष्करी ट्रक, तू घेतलास, त्याला नव्या बॅटऱ्या बसवल्यास आणि येत्या रविवारी सेल्फ मारून इंजिन चालू करून पाहणार आहेस, असे तू कळवले आहेस. या एका वाक्यासाठीच मी तातडीने लिहायला बसलो. रविवारी सेल्फ मारू नकोस.

फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात असताना आणि सुटून आल्यावर भुसावळच्या दुरुस्ती शेडमध्ये अशा बऱ्याच गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. चालून झिजलेली गाडी आपले दुखणे आवाजाने, धुराने, गळतीने स्वतःच सांगते. उभी राहिलेली गाडी काहीच सांगत नाही. तिच्यात गंज, पाणी आणि वाळलेले रबर गुपचूप आपले काम करत राहतात आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळे एकदम बाहेर येते. जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावर जबलपूरला १९५९ पासून बनलेली ही गाडी दणकट आहे यात शंका नाही, पण शेवटची गाडी १९९६ मध्ये बाहेर पडली, म्हणजे तुझ्या हातातली गाडी तुझ्याहून वयाने मोठी आहे हे विसरू नकोस.

आधी इंजिन हाताने फिरते का ते पाहा. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोड, दोन रात्री तसेच राहू दे आणि मग क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून सावकाश पुढे-मागे हलव. अडले तर जोर न करता आणखी दोन दिवस थांब. नोकरीतून सुटल्यावर पहिल्याच वर्षी मी अशीच एक गाडी ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढून चालू करायला गेलो. एक व्हॉल्व्ह गंजून गाइडमध्ये धरला होता. दोन पुश रॉड वाकले, पिस्टनला खोक पडली आणि त्या शेतकऱ्याचा केळी काढणीचा हंगाम गाडीविना गेला. चूक पूर्णपणे माझी होती. घाई त्याची असली तरी साखळी मी बांधली होती.

इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल खाली सोड. आधी पाणी आले तर हेड गॅस्केटपर्यंत विचार करावा लागेल. टाकीतले डिझेल पूर्ण काढ, कारण इतक्या वर्षांच्या डिझेलमध्ये तळाला पाणी आणि शेवाळासारखा चिकट गाळ साचतो आणि तो गाळच पुढे इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा जीव घेतो. पंपाची बाजूची झाकणी उघडून रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी, बोटाने दोन्ही बाजूंना सहज सरकते का, हे तू स्वतः पाहिले पाहिजेस. मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नकोस. रॅक पूर्ण डिझेलच्या जागी चिकटलेला असेल, तर इंजिन चालू होताच वेग घेत जाते, चावी बंद करून थांबत नाही आणि काही क्षणांत स्वतःला फोडून घेते. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनर काढलेला असावा आणि हवेच्या तोंडाशी एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा असावा. हवा कोंडली की इंजिन मरते. हात किंवा कापड तिथे कधीही लावायचे नाही. त्याआधी डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ थांबून थांबून मार, म्हणजे कोरड्या बेअरिंगांवर भार पडणार नाही.

बॅटऱ्यांबद्दल एवढेच, की गाडीची जोडणी २४ व्होल्टची आहे. हॉर्नसाठी किंवा टेपसाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट ओढू नकोस. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

आता चाके. या एका गोष्टीवर मला तुझ्याशी कठोर बोलायचे आहे. रिंग लॉकची चाके, म्हणजे ज्यांत टायर लोखंडी कड्याने अडकवलेला असतो ती, गंजलेली असतात, बाहेरून रंग मारून दडलेली असतात, आणि हवा भरताना लॉक रिंग खाचेतून सुटली तर समोरच्या माणसाचा चेहराही उरत नाही. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोड, रिंग आणि खाच तारेच्या ब्रशने घासून पाहा, तडा दिसला तर ती भंगारात टाक. रिंगवर वेल्डिंग करून वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. हवा भरताना चाक पिंजऱ्यात हवे, नळी लांब हवी आणि तू बाजूला हवास. काही जुन्या लष्करी चाकांची दोन अर्धी बोल्टने जोडलेली असतात. ते नट आणि हबचे नट वेगळे आहेत हे ओळखल्याशिवाय पाना लावायचा नाही.

ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पिते. उभ्या गाडीत ते इतके पाणी पिऊन बसलेले असते, की कन्नड घाटासारख्या उतारावर तापून उकळते आणि पेडल थेट तळाला जाते. सगळे तेल बदल आणि रबरी नळ्याही बदल, त्या बाहेरून कितीही चांगल्या दिसोत. आतून फुगलेली नळी तेलाला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही, मग चाक धरून राहते आणि माणूस विनाकारण ब्रेकचे लायनर घासत बसतो.

एक्सलची ऑइल सील गळते म्हणून ती दोनदा बदलावी लागली, असे गाडीच्या आधीच्या मालकाने सांगितल्याचे तू लिहिलेस. दोष बहुधा सीलचा नाही. एक्सलवरच्या छोट्या ब्रीदरमध्ये, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्रात, आपल्याकडची काळी माती भरून तो बुजतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आतले ऑइल तापते, हवा फुगते आणि वाट मिळेल तिथून ऑइल ढकलते. ब्रीदर साफ कर, मगच सीलकडे वळ.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नकोस, ते जड आहे, नळ्यांत क्षार धरतो. उन्हाळा कडक म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. रेडिएटर स्वच्छ असेल तर तो काढण्याची गरज पडत नाही.

गाडी चालू लागली की डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून फिरू नकोस. टायर कमी-जास्त झिजलेले असले तर पुढच्या-मागच्या चाकांची गती जुळत नाही आणि सगळा पीळ दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साचतो; एक्सल जोडण्याचा दांडा निघेना झाला तर हातोडा न मारता गाडी थोडी मागे घे, पीळ सुटतो. पावसाळ्यात शेतातून केळी काढताना मात्र तो एक्सल निःशंक जोड, त्यासाठीच तो आहे.

बेअरिंग आणायला जाताना गाडीचे नाव सांगू नकोस, बेअरिंगवर कोरलेला क्रमांक दाखव. आणि चेसिस व इंजिनचा क्रमांक आरसीशी जुळवल्याशिवाय यापुढे एक रुपयाही घालू नकोस.

मी पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. तोवर नोझल काढून सिलेंडरमध्ये ऑइल सोडून ठेव, रॅक उघडून ठेव, आणि चाकांना हात लावू नकोस. ती आपण दोघे मिळून काढू.

तुझा हितचिंतक