बारावीनंतर क्वांटम: सोलापुरातून सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीएम. आमचा टॉवेलचा छोटा पॉवरलूम कारखाना आहे, घरात सायन्स शिकलेलं कोणी नाही. फिजिक्सचा 'ड्युअल नेचर'चा धडा झाल्यापासून तिला क्वांटमचं वेड लागलंय. ती सांगते, इलेक्ट्रॉनकडे कोणी पाहिलं की तो लाटेसारखं वागणं सोडून कणासारखा वागतो. क्वांटम कॉम्प्युटर 'डिकोहेरन्स'मुळे अडलाय आणि मला त्यावरच काम करायचंय, असंही म्हणते. जेईईत आयआयटीपुरते मार्क पडतील असं वाटत नाही. नातेवाईक म्हणतात, बीएस्सी करून काय मिळणार, इंजिनिअरिंगला टाका. यात पोट भरेल का, की ही दोन-चार वर्षांची हवा आहे?
– एक पालक, सोलापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलीचं म्हणणं अर्धं अगदी बरोबर आहे. आजच्या क्वांटम प्रयोगशाळांमधली बरीचशी मेहनत डिकोहेरन्स, म्हणजे नाजूक क्वांटम अवस्था विस्कटणं, लांबवण्यातच जाते. उरलेलं अर्धं, म्हणजे 'कोणी पाहिलं की', हे मात्र व्हिडिओंनी पसरवलेलं आहे. ते आधी दुरुस्त करू. नेमकं काय बिघडतं हे कळलं, की हे काम कोणकोणत्या हातांना लागतं तेही कळेल आणि शाखेचा प्रश्न सोपा होईल.

१९९९ मध्ये व्हिएन्नात कार्बनच्या साठ अणूंचा एकेक रेणू बारीक जाळीतून सोडला, तेव्हा पलीकडे लाटेसारखे पट्टे उमटले. त्या रेणूची तरंगलांबी सुमारे २.५ पिकोमीटर, म्हणजे रेणूच्या स्वतःच्या आकाराच्या काहीशेव्या भागाइतकी. पुढे त्याच गटाने सत्तर अणूंच्या रेणूवर दोन गोष्टी करून पाहिल्या. निर्वात नळीत थोडा थोडा वायू सोडला, तर दाब वाढेल तसे पट्टे फिके होत गेले. एक दशलक्षांश मिलीबारच्या आसपासचा दाबही त्याला पुरला. दुसऱ्या वेळी लेझरने रेणू तापवले. तापलेला रेणू वाटेत प्रकाश बाहेर टाकतो आणि तो प्रकाश 'मी इथून निघालो' ही खूण घेऊन जातो. पट्टे पुन्हा गेले. दोन्ही वेळा रेणूंकडे कोणी डोळे लावून बसलं नव्हतं. रेणू कोणत्या वाटेने गेला याची खूण आजूबाजूच्या वस्तूंत उमटली, एवढं पुरलं. डिकोहेरन्स म्हणतात तो हाच. हा विचार १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ झेह यांनी मांडला आणि १९८०च्या दशकात झुरेक या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याला गणिती घाट दिला.

यातला थोडा भाग तिला घरी करून बघता येईल आणि तिने तो जरूर करावा. लागणारं सामान : एक मिलिवॉटच्या आतला लाल लेझर पॉइंटर, लवचीक वायर सोलून काढलेली ०.२ मिलिमीटरची एक तार, आणि बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची पोलरॉइड पट्टी (ती प्रकाशाचं एकाच दिशेतलं कंपन पुढे जाऊ देते, यालाच ध्रुवण म्हणतात). पट्टी वरच्या बाजूची घ्यावी, खालच्या पट्टीला चंदेरी थर असतो. थिएटरचे थ्री-डी चष्मे घेऊ नयेत. ते बहुधा वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात, त्यांनी गोंधळ होतो.

आधी नुसती तार लेझरसमोर ताठ धरून दोन मीटरवरच्या भिंतीवर बघावं. दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग दिसेल, अंतर साधारण साडेसहा मिलिमीटर : ६५० नॅनोमीटर गुणिले २ मीटर भागिले ०.२ मिलिमीटर. मग पोलरॉइडचे तीन तुकडे करावेत. दोन तुकडे कडेला कड लावून जोडायचे, पण त्यातला एक ९० अंशांत फिरवून, आणि तार बरोबर सांध्यावर चिकटवायची. आता तारेच्या डावीकडून जाणाऱ्या प्रकाशावर एक खूण, उजवीकडच्यावर दुसरी. ठिपके पुसट होऊन नुसता सलग उजेड उरेल. तिसरा तुकडा तार आणि भिंत यांच्यामध्ये ४५ अंशांत धरला की ठिपके परत येतात. उलट्या बाजूला ४५ अंश केले तर उजळ आणि काळ्या जागांची अदलाबदल होते.

जमलं नाही तर बहुतेकदा तीनच कारणं असतात. पॉइंटरचा प्रकाश स्वतःच ध्रुवित असतो, त्यामुळे एक बाजू अंधारी राहते. पॉइंटर गोल फिरवून दोन्ही बाजू सारख्या उजळ करून घ्याव्यात. सांध्यात फट राहिली तर तिथून खूण नसलेला प्रकाश निसटतो. आणि कात्रीने कापलेली कड खडबडीत असली तर प्रकाश विखुरतो, म्हणून नव्या ब्लेडने कापावी. लेझर डोळ्यात आणि आरशावर जाणार नाही एवढं सांभाळायचं.

एक गोष्ट तिला स्पष्ट सांगायला हवी. हा प्रयोग प्रकाशाला साधी लाट मानूनही पूर्ण समजतो, त्याने क्वांटम सिद्ध होत नाही. पण पट्टे जातात ते खुणेमुळे, हे हाताला कळतं. शिवाय इथे खूण एकाच ठिकाणी, ध्रुवणात आहे, म्हणून पुसता येते. हवेच्या असंख्य रेणूंमध्ये विखुरलेली खूण गोळा करून पुसणं अशक्य, आणि क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांची अडचण नेमकी तीच.

आता त्या कॉम्प्युटरकडे येऊ. क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा माहिती साठवणारा मूळ घटक. अतिवाहक (थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या) सर्किटच्या क्युबिटची वारंवारता साधारण ५ गिगाहर्ट्झ असते. तिची ऊर्जा तापमानात मांडली तर ०.२४ केल्विन भरते. म्हणजे आजूबाजूचं तापमान त्याहून पुष्कळ खाली हवं, नाहीतर उष्णताच क्युबिटला हलवत राहते. म्हणून डायल्युशन फ्रीज या अतिशीत यंत्रात तो १० ते २० मिलिकेल्विनला ठेवतात. या फ्रीजमध्ये खाली जावं तशा जास्त थंड होत जाणाऱ्या थाळ्या असतात. एवढ्याने भागत नाही, कारण क्युबिटला आज्ञा द्यायला बाहेरून केबल आत न्यावीच लागते आणि केबलचं एक टोक ३०० केल्विनच्या खोलीत असतं. ३०० भागिले ०.२४ करा : त्या वारंवारतेला सुमारे १,२५० उष्ण फोटॉन (प्रकाशकण) केबलमधून खाली यायला तयार. ते हजारांश फोटॉनवर आणायचे तर सिग्नल दहा लाख पटींनी, म्हणजे ६० डेसिबलने, दाबावा लागतो. नवशिका म्हणेल, ४ केल्विनच्या थाळीवर एकच ६० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल दाबणारा भाग) लावू. तिथेच फसतं. अटेन्युएटर स्वतः ४ केल्विनला आहे, तो स्वतःचेच १६-१७ फोटॉन खाली सोडतो. म्हणून सिग्नल दाबण्याचं काम वाटून करतात : थोडं ४ केल्विनला, थोडं त्याखालच्या थाळीवर, शेवटचं थेट मिलिकेल्विनच्या थाळीवर.

एवढं करूनही क्युबिट टिकतो किती? १९९९ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत झालेल्या पहिल्या प्रयोगात काही नॅनोसेकंद. आज चांगल्या क्युबिटला शंभर मायक्रोसेकंद सहज मिळतात, त्याहून जास्तही. एका क्रियेला ५० नॅनोसेकंद धरले तर शंभर मायक्रोसेकंदांत दोन हजार क्रिया होतात, त्यापुढे माहिती विस्कटते. आता अडथळा बराचसा धातूवरच्या ऑक्साइडच्या पातळ थरातल्या दोषांचा आहे. ते दोष क्युबिटची ऊर्जा शोषतात. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं ते १९८४-८५ च्या अशाच अतिवाहक सर्किटवरच्या कामासाठी.

हे सगळं तुम्हाला, एका पालकाला, मुद्दाम सांगतोय. वरच्या दोन परिच्छेदांत किती प्रकारची माणसं लागली बघा. पातळ थर बसवणारा मटेरियल सायन्सवाला, मायक्रोवेव्हचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, निर्वात पंप आणि फ्रीज सांभाळणारा, पायथनमध्ये मोजमाप चालवणारा, आणि कागदावर समीकरण सोडवणारा. तुमच्या कारखान्यात जॉबर आवाजावरून लूमचा बिघाड ओळखतो, तसा बिघाड ओळखणाऱ्याला प्रयोगशाळेतही फार मान असतो. 'क्वांटम करायचंय' हे अजून ध्येय झालेलं नाही. यातलं कोणतं काम तासन्‌तास करायला आवडतं, ते सापडलं की शाखा आपोआप ठरते.

वर्तवणं, समीकरणं, खोलवरचं 'का' हे आवडत असेल तर प्युअर सायन्स. पहिला प्रयत्न आयसर पुणे या केंद्रीय विज्ञान संस्थेच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसचा. त्यासाठी जेईई नको, आयएटी ही वेगळी परीक्षा असते : तीन तास, ६० प्रश्न, २४० मार्क, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी प्रत्येकी १५. बायोलॉजी सोडलेली पीसीएमची मुलं ६० मार्कांवर पाणी सोडतात. अकरावी-बारावीच्या पुस्तकातला पेशी, अनुवंशशास्त्र आणि मानवी शरीर एवढा भाग तिने आजपासून रोज अर्धा तास वाचावा. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापला जातो, त्यामुळे अंदाजाने ठोकू नये. बंगळुरूच्या आयआयएस्सीचा बीएससुद्धा आयएटीच्या मार्कांवर प्रवेश देतो, पण तिथली चुरस फार मोठी.

नाही मिळालं तर? तर सोलापुरातच बीएस्सी करावी, आणि यात कमीपणा नाही. संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशी जुनी कॉलेजं घराजवळ आहेत. प्रवेशाआधी फिजिक्सची लॅब उघडून दाखवायला सांगा आणि एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक काढणं, मायकेल्सन इंटरफेरोमीटर, जी. एम. काउंटर हे प्रयोग मुलं स्वतः करतात की कपाटात बंद आहेत, ते विचारा. फिजिक्स मेजर घेतल्यावर मॅथ्स शेवटच्या वर्षापर्यंत सोडू देऊ नका. बीएस्सीनंतर गणित सुटलेली मुलं क्वांटममध्ये इथेच अडतात. खरी चाळणी एमएस्सीला लागते : जॅम या प्रवेश परीक्षेवर आयआयटी आणि इतर संस्था, तसंच पीएचडी आणि इंटिग्रेटेड पीएचडीसाठी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा आणि जेस्ट या वेगळ्या परीक्षा. सोलापूरच्या कॉलेजातून बीएस्सी केलेल्या मुलीला त्या परीक्षेत पुण्या-मुंबईच्या मुलीइतकीच संधी असते. घरी राहून जॅमचं पहिल्या वर्षापासून बसवलेलं गणित हे पुण्यातल्या महागड्या खोलीपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एमएस्सी सोलापूर विद्यापीठातही होते.

हाताने सर्किट जोडणं तिला जास्त भावत असेल तर नातेवाईकांचंही चुकत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घ्यावं, कॉम्प्युटर नव्हे. त्यात मायक्रोवेव्ह आणि सिग्नल प्रोसेसिंग मन लावून शिकावं आणि पुढे गेट या प्रवेश परीक्षेवरून आयआयएस्सीच्या क्वांटम टेक्नॉलॉजीच्या एमटेककडे बघावं.

पहिल्या वर्षाची चूक सगळ्यांची एकच : किस्किट या क्वांटम प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्किटं ओढत बसायचं आणि मॅट्रिक्स येत नाही. तिने आधी संमिश्र संख्या, मग दोन बाय दोनचे मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू हा क्रम धरावा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर हे फुकट आहे. मग डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे क्वांटम अवस्था आकड्यांत मांडणारा मॅट्रिक्स. कर्णावर अर्धा-अर्धा आणि कर्णाबाहेर अर्धा-अर्धा असा मॅट्रिक्स घेऊन कर्णाबाहेरचे आकडे वेळेबरोबर शून्याकडे जाताना वहीवर काढले, की डिकोहेरन्स म्हणजे काय ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा नीट समजेल. कर्णावरचे आकडे हलत नाहीत, फक्त बाहेरचे जातात, हे तिने स्वतः पाहावं. त्यानंतर पायथन. 'तीन महिन्यांत क्वांटम तज्ज्ञ' अशा सर्टिफिकेटला एक रुपयाही देऊ नका.

हवा आहे का, या प्रश्नाला सरळ उत्तर. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले, मुदत २०३०-३१ पर्यंत. संवेदक आणि मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी टीसीएसबरोबर सहा क्युबिटचा प्रोसेसर २०२४ मध्ये तपासून दाखवला. म्हणजे काम आपल्या राज्यात आहे. तरीही तुमची मुलगी पीएचडी संपवेल तेव्हा ती २८-२९ वर्षांची असेल, आणि तेव्हा क्वांटम कॉम्प्युटरला बाजार किती असेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. निर्वात तंत्र, अतिशीत तापमान, मायक्रोवेव्ह आणि पातळ थर ही कौशल्यं मात्र सेमीकंडक्टर, अवकाश आणि उपकरणांच्या उद्योगातही लागतात, म्हणून ती वाया जात नाहीत. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. बीएस्सीनंतर थांबायचं असेल तर मात्र ही वाट घेऊ नका. तेवढ्यावर या क्षेत्रात चांगली नोकरी सहसा लागत नाही.

पुण्याला एकदा नेऊन आणा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास संस्था लोकांसाठी प्रयोगशाळा उघडतात. तारखा त्यांच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या.

आयएटी साधारण मे-जूनमध्ये असते, फॉर्म त्याआधी दोन-तीन महिने सुरू होतात. तुम्ही ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असाल तर एक गोष्ट आजच ध्यानात ठेवा. एमएचटी-सीईटीसाठी काढलेला राज्याचा नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्रीय संस्थांना चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, तोही चालू आर्थिक वर्षाचा. त्यामुळे १ एप्रिलनंतर तहसीलमध्ये पुन्हा अर्ज करावा लागेल. उत्पन्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला मार्चमध्येच हाताशी असू द्या, म्हणजे फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायला नको.