सामाईक शिवणघर सुरू करण्यापूर्वी

मोहाडी, जि. भंडारा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गावातल्या रिकाम्या गोदामात तुम्ही पाच जणींनी मिळून कपड्यांच्या डिझाइनचे काम एकत्र सुरू करावे, हा विचार मला मनापासून पटला. मात्र खर्चाच्या यादीत तू सर्वांत वर मशिनी लिहिल्या आहेस. तिथे मला कापड दिसायला हवे होते. विणकर मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवतो तो बऱ्याच मीटरसाठी, आणि तुझ्या एकटीच्या तीन मीटर कोशाकरिता, म्हणजे टसर रेशमाकरिता, तोही तुला हव्या त्या रंगात, माग अडवून ठेवणे त्याला परवडत नाही. म्हणून तर कोशाच्या गावात राहूनही आपल्या मुली नागपूरच्या बाजारात मिळेल ते कापड घेऊन येतात. पाच जणींनी एक ताणा वाटून घेतला, तर तोच विणकर तुमच्याशी रंगाबद्दल आणि पोताबद्दल बोलायला बसेल. सामाईक जागेचा खरा लाभ मला यातच दिसतो. करवतकाठी साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) कसा विणला जातो, हे मागापाशी बसून एकदा अवश्य पाहा. त्यानंतर त्या काठावर कात्री चालवताना तुझा हात आपोआप थांबेल.

मशिनीविषयी एकच गोष्ट सांगते, कारण ती मला महागात पडली आहे. आमच्या शिवणवर्गात सकाळी कुणीतरी १६ नंबरच्या सुईने जीन्स शिवली आणि दुपारी मी त्याच मशिनीवर सुई न बदलता कोशाचे ब्लाउजपीस घेतले. शिलाईच्या कडेने धागे ओढले गेले, बारीक भोके पडली आणि ग्राहकाचे कापड मला भरून द्यावे लागले. चूक माझी होती, पण तसा नियमही कुठे लिहिलेला नव्हता. तुमच्याकडे प्रत्येकीची सुयांची डबी वेगळी असावी, काम संपले की प्रत्येकीने आपली सुई काढून न्यावी, आणि तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारून पाहावी. कोशावर पडलेला तेलाचा डाग सहजी निघत नाही.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. परंतु ती व्यक्तीच्या नावे मिळते. तेव्हा सामाईक खोलीत ठेवलेले कोणते मशीन कुणाचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. कापड कापण्याच्या कागदी खाक्यांवरही नावे घाला आणि दुसरीचा खाका तिला विचारल्याशिवाय वापरू नका. मैत्रिणींमध्ये मशिनीपेक्षा यावरूनच अधिक बिनसलेले मी पाहिले आहे.

भाड्याची वाटणी दरमहा सारखी ठेवू नकोस, असे मला वाटते. धानाच्या रोवण्यात तुमच्यातल्या दोघी-तिघी शेतात असतील आणि लग्नसराईत जागा पुरणार नाही. म्हणून भाडे जिने जितके तास काम केले त्या हिशेबाने वाटून घ्या, आणि लग्नसराईत थोडी रक्कम बाजूला काढून ठेवा, म्हणजे पावसाळ्यातले भाडे त्यातून निघेल.

माझे कापणीचे जुने सागवानी टेबल मी तुमच्यासाठी ठेवले आहे. उभ्याने कापताना पाठ दुखत नाही, इतकी त्याची उंची आहे. ते तीन फूट रुंद आहे आणि त्याचे पाय निघत नाहीत, तेव्हा गाडी पाठवण्याआधी गोदामाच्या दाराचे माप मला कळव.

तुझी,
शिवणवर्गाची काकू